मोहोळकर आळीतून गेलेली रेघ

"सोनाबाई धोंडीराम कुंभार, दोनशे त्रेचाळीस. शालन विश्वासराव मोहोळकर, दोनशे चौपन्न."

कर्ण्यातला तो आवाज सर्दी झालेल्या माणसाचा होता. दोनशे म्हणून झाल्यावर त्यानं नाक ओढलं, आणि पुढचा आकडा येईपर्यंत आम्ही कुंभारआळीची साठ माणसं तहसील कचेरीच्या आवारात श्वास धरून उभी होतो. मी सतरा वर्षांची होते. सोनाबाई म्हणजे माझी आई. तिच्या मुठीत गुलालाची पुडी होती. आकडा ऐकल्यावर तिनं ती पुडी कुणाला दिसणार नाही अशी कमरेला खोचली आणि पदर सारखा केला.

मोहोळकरांच्या जीपवर गुलाल उडाला. विश्वासराव मोहोळकर, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते जीपमधून उतरून मुद्दाम आमच्यापाशी आले.

"अकरा मतं म्हंजे काय हो वहिनी. एका पंगतीची माणसं. जेवायला वाढलं असतं तर आली असती."

माझी चुलती, तान्हाकाकी, आईच्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आमच्यातली पंधरा घरं पलीकडं टाकली तुमी. न्हाईतर पंगत कुणाची उठली असती ते दिसलं असतं."

आप्पा नुसते हसले. टाकली म्हणाले नाहीत, नाही टाकली असंही म्हणाले नाहीत.

बोरजाईत आमची कुंभारांची चौतीस घरं. सगळी एका वॉर्डात असती तर आई चालत चालत निवडून आली असती. पण त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या वॉर्डांची नवी रचना झाली, आणि सरकारी नकाशावरची रेघ आमच्या आळीच्या मधल्या गटारीतून गेली. एकोणीस घरं दोन नंबरात, पंधरा तीन नंबरात. काकीचं घर पलीकडं गेलं. ती दारात उभी राहून आईच्या हातात मिठाची वाटी देऊ शकायची, मत देऊ शकत नव्हती.

पंचायतीत आमचं कुणी उरलं नाही. दुसऱ्याच चैत्रात तळ्यातली माती गेली. तळं आटलं की कुंभारांनी तळातली काळी चिकणमाती उकरून आणायची, ही आमची वहिवाट. पंचायतीनं ठराव केला आणि तळ्यातला गाळ आप्पांच्या वीटभट्टीला दिला. ठरावाला विरोध करायला हात वर करणारं माणूस लागतं. ते आमच्याकडं नव्हतं. वर्षभरात चौदा चाकं थांबली. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच भट्टीवर पाट्या वाहायला जाऊ लागले. ज्या हातानं मडक्याचा गळा नुसत्या बोटाच्या स्पर्शानं बारीक व्हायचा, तो हात विटा धरून धरून चौकोनी झाला. आई पहाटे दळताना गायची, तेव्हा तिच्या ओव्यांत माहेर असायचं, भाऊ असायचा. त्या वर्षापासून दुसरंच आलं.

तळ्याची काळी माती, तिच्या विटा झाल्या लाख
चाकाच्या खड्ड्यामंदी, बाई, उडते ग राख

मी अंथरुणात पडून ऐकायची. रडू यायचं नाही. मोहोळकर आळीतला एकेक उंबरा डोळ्यांपुढून जायचा आणि वाटायचं, ह्यांची आळीपण अशीच चिरली पाहिजे. कुऱ्हाडीनं नको. पेन्सिलीनं.

पंधरा वर्षांनी ती पेन्सिल माझ्या हातात आली.

मी तहसील कचेरीत कारकून झाले होते. लग्नानंतर कुंभारची जोर्वेकर झाले, त्यामुळे ही बाई बोरजाईची, हे कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. निवडणूक शाखेचं टेबल माझ्याकडं आलं, आणि त्याच वर्षी तालुक्यातल्या एकोणचाळीस ग्रामपंचायतींची नवी वॉर्डरचना निघाली. अडतीस गावांचे नकाशे मी नियमानं केले. एकोणचाळिसावं गाव बोरजाई.

तोही मी नियमानंच केला. हेच त्यातलं सुख होतं.

गावची लोकसंख्या सत्तावीसशे, वॉर्ड तीन, म्हणजे एकेका वॉर्डात नऊशे माणूस. दहा टक्के कमी-जास्त चालतं. रेघ ओढ्यावरून, रस्त्यावरून, बोळावरून न्यायची, घरं फोडायची नाहीत. मोहोळकर आळीत असा रस्ता कुठंच नव्हता. सगळी घरं भिंतीला भिंत. पण मी रेकॉर्डच्या खोलीत तीन दिवस धूळ खाल्ली, आणि चौथ्या दिवशी जुना गावठाण नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला, घडीवर फाटलेला. त्यात मोहोळकर आळीच्या बरोबर मधोमध चार हात रुंदीचा एक बोळ होता. आप्पांच्या वडिलांनी दोन्ही तोंडं बंद करून त्यात सरपण रचलेलं, ते मी लहानपणापासून बघत आले होते. लाकडाखाली सरकारचा रस्ता झोपलेला होता.

त्या बोळातून मी रेघ नेली. आप्पांचा मुलगा सुहास यंदा पंचायतीला उभा राहणार होता, सरपंच होणार होता. त्याच्या भावकीची निम्मी मतं दोन नंबरात गेली, निम्मी तीन नंबरात. तलाठी नवा पोरगा होता. मी नकाशा पुढं केला, त्यानं सही केली. आणि कुंभारआळीची चौतीसही घरं मी पुन्हा एका वॉर्डात आणली, तीन नंबरात. तिन्ही वॉर्डांचे आकडे आले नऊशे पाच, आठशे अठ्ठ्याण्णव, आठशे सत्त्याण्णव. असे आकडे तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गावाचे जमले नव्हते.

आणखी एक रेघ निघत होती. शाळेच्या रस्त्यावरून. तिच्यात मोहोळकर आळी अखंड राहायची, कुंभारआळीही अखंड राहायची, आकडे नऊशे बासष्ट, आठशे एकाहत्तर, आठशे सदुसष्ट. नियमात बसत होती. ती मी काढून पाहिली आणि कपाटात टाकली.

नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला त्या दिवशी आईला फोन केला. ती म्हणाली, "मधनं गेली?"

"मधनं."

"त्यास्नी कळलं, कुणी केलं त्ये?"

"नाही. आणि तू कुणाला सांगू नको."

तिनं काकीला सांगितलंच. त्यामुळे हरकतींच्या सुनावणीला कुंभारआळीतल्या अकरा बायका जीप करून आल्या. कामधंदा सोडून, पदरात भाकरी बांधून. त्यांना आप्पांना रांगेत बसलेलं बघायचं होतं.

आणि ते बसले होते. सभागृहाबाहेरच्या बाकड्यावर, इतर गावच्या माणसांत खांद्याला खांदा लावून. डोक्याचे केस पांढरे झालेले, पण धोतराची कड तशीच टोकदार. मी फायली घेऊन शेजारून गेले तेव्हा मागून काकीचा बारीक आवाज आला. ती गात नव्हती, नुसतं ओठांत घोळवत होती.

उंच जोत्याचा ग धनी, आज बाकड्यावं बसला
बारीक रेघंनं ग बाई, त्याचा तोरा पुसला

बायकांनी तोंडाला पदर लावले. मी वळून डोळे मोठे केले. "काकी, कचेरी आहे."

"मग? मी काय अर्ज लिवला व्हय. तोंडातल्या तोंडात तर म्हनतीया."

आईचा पदर मात्र जागचा हलला नाही. ती आप्पांकडं बघतच नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, एवढ्या वर्षांनी सुख अंगावर आलं की माणूस असंच घाबरतं.

प्रांत मॅडमनी बोरजाईचं नाव पुकारलं. दोन हरकती होत्या. पहिली आप्पांची.

"हा बोळच न्हाई मॅडम," आप्पा म्हणाले. "पन्नास वर्षांत त्यातनं मांजर गेलेलं न्हाई. तिथं आमचं सरपण असतं."

मॅडमनी कापडी नकाशा सरळ केला. "नकाशावर तर बोळ आहे."

"नकाशावर आहे. गावात न्हाई."

"मग गावातला कुणी बंद केला?"

आप्पांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. दारापाशी बायका दाटीनं उभ्या होत्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मी मॅडमच्या उजव्या हाताला उभी होते.

"मला ठाव आहे हे का झालंय," आप्पा म्हणाले. "गावाला वाटतं मागं कुंभारआळी मी चिरली. म्हणून कुणीतरी माझी चिरली. पण ती मी चिरली न्हवती."

"त्याचा आजच्या हरकतीशी संबंध नाही. बसा."

दुसरी हरकत हमीदा मुलाणी नावाच्या बाईची. मोहोळकर आळीच्या शेपटाला मुलाणी-तांबोळ्यांची बावीस घरं आहेत. तिनं वहीच्या पानावर हातानं लिहून आणलं होतं. वय तिशीच्या आसपास. बोलताना आधी मॅडमकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा मॅडमकडं बघायची.

"आमची बारा घरं इकडं गेली, धा तिकडं. उन्हाळ्यात टँकर येतो, आमच्या तोंडाशी येईतवर रिकामा होतो. म्हणून सगळ्या घरांनी मिळून मला उभं करायचं ठरवलंय. आता बारा घरांची मतं घेऊन मी काय करू? माझी सासूच तिकडच्या वॉर्डात गेली."

"किती अंतर आहे सासूबाईंच्या घरात आणि तुमच्या?"

"मधी भिंत आहे मॅडम. सासू खोकली तर मला ऐकू येतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "जोर्वेकर, ही बावीस घरं एकत्र राहतील अशी दुसरी रेषा निघते का? मर्यादेत बसणारी?"

ही बावीस घरं मला नकाशा करताना दिसली होती. मी त्यांच्यावर थांबले नव्हते. आप्पांच्या मागं आहेत, ओघात जातील, एवढंच मनात आलं होतं.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "लोकसंख्या दहा टक्क्यांच्या बाहेर जाते."

"नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. चार वाजता आदेश देते."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. बाकीच्या बायका बांगड्या बघायला बाजारात गेल्या. मी, आई आणि काकी, तिघीच मागं राहिलो. काकीनं भाकरी सोडली, ठेचा काढला, गुळाचा खडा दाताखाली फोडून निम्मा मला दिला.

"खा. दादा असता तर त्येनं गाढवावनं साखर वाटली असती," काकी म्हणाली. "बोळ कुणी बंद केला म्हनली तवा त्येचं तोंड बघितलंस? टोपीत काय हुडकत हुता कुणास ठावं."

मी हसले. मनापासून हसले. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडापाशी नेला आणि परत ठेवला.

तेवढ्यात आप्पाच आले. एकटेच. आमच्यापासून चार पावलांवर थांबले. माझ्याकडं त्यांनी बघितलं, आणि मला कळलं की त्यांनी मला ओळखलंय. नाकावरून ओळखलं असेल, माझं नाक दादांचं आहे.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "धोंडूची पोरगी. रेघ चांगली मारलीस. माझ्या बापाला सापडली नसती अशी मारलीस."

ते आईकडं वळले.

"वहिनी, पंधरा वर्षं मी तोंड उघडलं न्हाई. गाव म्हणलं, आप्पानं आळी चिरली. मी म्हणलं म्हणू दे. दरारा वाढत हुता, सोयीचं हुतं. माती मी नेली, ती नेली. तिचं पाप माझ्या डोक्यावर. पण रेघेचं तुम्हाला ठाव आहे. आज तरी तुमी तोंड उघडा."

आणि ते गेले. धोतराचा सोगा हातात धरून, हळू, पाऊल जपत.

"काय ठाव आहे तुला?" काकीनं आईला विचारलं.

आई भाकरीकडं बघत होती.

"आई, काय म्हणतायत ते?"

"त्या वर्सी आवा फुटला हुता, आठवतंय?" आई म्हणाली. काकीला म्हणाली, मला नाही.

आमचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, दोन्ही घरांची एकच. दोन्ही घरांचा माल एकावर एक रचायचा, पेटवायचा, आणि पुरता निवेपर्यंत उघडायचा नाही. त्या वर्षी तो आधीच उघडला गेला. गार वारा लागला आणि आईच्या वाट्याचे रांजण तडतड फुटले. काकीच्या नवऱ्यानं उघडला असं आई म्हणायची, काकी नाही म्हणायची. आठ दिवस दोघींत बोलणं नव्हतं. मला एवढं आठवत होतं. पुढं निवडणूक आली, आईचा पराभव झाला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्यानंतर आव्याचा विषय कुणी काढला नाही.

"त्या आठ दिसांतच कचेरीची मान्सं आली," आई म्हणाली. "नकाशा घेऊन. सर्कल हुता, तलाठी हुता, आप्पा हुता. मी दारात राख चाळत हुते. सर्कल म्हनला, बाई, तुमची आळी कुठवर? आसं सरळ इचारलं त्यानं. आन् तू समोरनं घागर घिऊन चाल्लीवतीस, तान्हा. माज्याकडं न बघता."

काकीच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"मी म्हनलं, गटारीच्या अल्याड आमी. पल्याडची आमची न्हाईत. तुला ऐकू जावं म्हनून जोरात म्हनलं. आप्पा म्हनला, लिवून घ्या भाऊसाहेब. त्यानं लिवलं. मला काय ठावं, त्या एका बोलावनं रेघ निगंल. भितीवं नकाशा लागला तवा कळलं. मग कुनाला सांगू? पल्याडच्या पंधरा घरांस्नी?"

कडुनिंबाची एक पिवळी काडी ठेच्यावर पडली, ती काकीनं दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली.

"आवा त्येनंच उगडला हुता," काकी म्हणाली. "दोन दिस आदी. गिऱ्हाईक आलं हुतं म्हनून. मी तुला न्हाई म्हनले, पर त्येनंच उगडला. ते खरं हाय." मग तिनं आईकडं मान वळवली. "पर सोना, आमी पल्याडचं कवा झालो ग?"

आईनं काकीच्या मांडीवर हात ठेवला. काकीनं तो झटकला नाही, धरलाही नाही.

माझ्या अंगात मात्र राग तसाच होता. सांगून टाकते, तो कमी झाला नव्हता. रेघ आप्पांनी मारली नसेल, पण तिचा फायदा त्यांनी घेतला. माती त्यांनी नेली. दादांचा हात त्यांच्या भट्टीवर वाकडा झाला. मी तसं म्हणाले. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या झाडाखालची माणसं बघायला लागली.

"मी कुठं म्हंते त्येला सोड?" आई म्हणाली. "त्येनं माती खाल्ली, त्येची त्येला पचू नये. पर मगाशी त्या बाईनं तुला इचारलं, दुसरी रेघ निगती का. तू न्हाई म्हनलीस, तवा तुजा डावा पाय हालला. लहानपनी खोटं बोलताना हालायचा तसा."

मी डावा पाय साडीखाली ओढून घेतला.

आईनं कचेरीच्या दाराकडं बोट केलं. "ती मुलान्याची सून पायरीवं बसलीया बघ. जेवली न्हाई अजून. पानी पिऊन बसलीया. तिनं कुनाचा आवा फोडला?"

हमीदा खरंच बसली होती. मांडीवर ते वहीचं पान. चार वाजेपर्यंत ते घडी करायचं की उघडं ठेवायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. सारखी घडी करायची, सारखी उलगडायची.

मी उठले. हात धुतले नाहीत, गूळ बोटांना चिकटला होता. पायऱ्या चढताना हमीदानं पाय आवळून मला वाट दिली आणि म्हणाली, "ताई, काही होईल का?"

मी थांबले नाही.

आप्पा सभागृहात आधीच येऊन बसले होते. मी तिथंच कोपऱ्यात असलेलं आमच्या शाखेचं कपाट उघडलं, शाळेच्या रस्त्यावरची रेघ असलेला कागद काढला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिले. हा कागद पुढं गेला तर सुहास मोहोळकर निवडून येणार होता. आळी अखंड, भावकी अखंड, गुलाल त्यांचाच. आप्पांना मी मागं वळून बघितलं. त्यांनी कागद बघितला होता. त्यांच्या चेहऱ्यावर ना आभार होते, ना लाज. होती ती फक्त वाट बघणाऱ्या माणसाची सवय. तेवढ्या एका तोंडासाठी तो कागद फाडून टाकावा असं मला वाटलं, आणि माझी बोटं त्याच्या कडेवर दाबली गेलीसुद्धा.

"जोर्वेकर," मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "बोरजाईचं सांगा. दोन्ही हरकती फेटाळल्या, असं लिहायचं ना?"

"नाही मॅडम. दुसरी रेघ निघते. मर्यादेत बसते. सकाळी मी खोटं बोलले."